किहीमचे केहिमकर

हुबळीला कोप्पीकर रोडवर पाठशाळेच्या मुलींसाठी वह्या घेत होते. एकीनं पाटी वाचून विचारलं, “मावशी, हे कोप्पीकर कोण?” दुकानदारानं नुसतीच मान हलवली. रस्ता रोजचा, नाव रोजच्या तोंडातलं. माणूस मात्र कुणाच्या ध्यानात नाही.

घरी येताना मुलींना जर्मनीतली गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धाआधी तिथं गावोगावी ज्यू कुटुंबं नांदत होती. हिटलरच्या राजवटीनं त्यांना घरांतून ओढून नेलं, मारलं. पुढं गुंटर डेमनिग या कलावंतानं त्यांच्या राहत्या घरांपुढच्या फरशीत पितळी पत्र्याचे 10 सेंटिमीटरचे दगड बसवायला घेतले. ‘इथे राहत होते’, मग नाव, जन्मसाल, कुठं नेलं ते. 2023 मध्ये असे 1 लाख दगड पुरे झाले. कितीतरी गावांत शाळेची मुलं जुन्या कागदांतून ही नावं शोधतात, गुडघ्यांवर बसून पितळ घासतात. पणजोबांच्या डोळ्यांदेखत जे घडलं, ते पणतवंडं उजळ करून ठेवतात.

आपल्या कोकणातल्या ज्यूंना, बेने इस्रायलींना, कुणी हाकललं नाही. तेलाचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून ते ‘शनवार तेली’. दिवे लागल्यावर आपण ताटावर बसत नाही, हे शेजारणींच्या जसं अंगवळणी पडतं, तसंच ते. आडनावं गावांची: पेणचे पेणकर, किहीमचे केहिमकर. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी 1875 मध्ये मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढं माझगावची सर एली कदुरी शाळा. 1948 ला इस्रायल झालं आणि हळूहळू बहुतेक घरं तिकडं गेली. शाळा उरली, वर्गांत आता बहुतेक मुसलमानांची लेकरं शिकतात.

मला वाटतं, इथं कुणाच्या मनाला टोचणी नाही, म्हणून आठवणही पातळ झाली. भांडून गेले असते तर चार जणांनी तरी नाव काढलं असतं! अलिबागला इस्रायल आळी आहे, सिनेगॉग आहे. पण कुणाचा घाणा कुठं होता हे सांगणारी घरं आता अश्दोद, दिमोनाला. तिकडं त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं.

पुढच्या रविवारी दोघी वही घेऊन आल्या. पहिल्या पानावर ‘कोप्पीकर’ एवढंच. खाली गल्लीतल्या तीन म्हाताऱ्या माणसांची नावं, कुणाकडं आधी जायचं त्या क्रमानं.