झाडावरच्या शिकाऱ्याची उसनी गाठ

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये हरणांच्या शिकारीसाठी केवळ धनुष्यबाणाचा वेगळा हंगाम ठेवला, आणि पुढे एकेका राज्याने तीच वाट धरली. धनुर्धाऱ्याची अडचण मात्र पुरातन होती. बाण नेमका बसायला हरीण वीस-पंचवीस पावलांवर यायला हवं, आणि इतक्या जवळ आलं की त्याला माणसाचा वास लागतोच. म्हणून शिकारी झाडावर चढला, आपल्याकडच्या मचाणासारखी फळ्यांची बैठक करून तासन्‌तास बसू लागला.

आणि पडू लागला. तिथल्या शिकाऱ्यांच्या गंभीर दुखापतींचं एक मोठं कारण आजही झाडावरून पडणं हेच आहे.

कमरेला पट्टा बांधून तो खोडाला अडकवायचा, हा जुना उपाय. पण दोर ढिला असला की माणूस आधी पडतो, मग हिसक्याने थांबतो. तो सगळा हिसका पोटावर नाहीतर बरगड्यांवर बसतो, आणि लोंबकळताना श्वास कोंडतो. अमेरिकी सरकारने १ जानेवारी १९९८ पासून बांधकामावरच्या मजुरांसाठी पडण्यापासून बचावाचं साधन म्हणून असा पट्टा वापरायला बंदी केली, ती याच कारणाने.

‘ट्री सॅडल’ने हा प्रश्न मुळातूनच फिरवला. नितंब आणि मांड्यांखाली रुंद कापडी झोळी, तिच्यापुढे दोराचा छोटा पूल, आणि त्या पुलातून खोडाला गेलेला मुख्य दोर. शिकारी पाय छोट्या पायरीवर टेकून मागे रेलतो. वजन सतत दोरावरच असतं, त्यामुळे ढील राहत नाही. ढील नाही म्हणजे पडायला अंतरच नाही. मिशिगनचे जॉन एबरहार्ट १९८१ पासून अशा झोळीतून शिकार करत आले, तरी अनेक वर्षं हा मोजक्यांचाच मार्ग राहिला. २०१८ मध्ये टेथर्डसारखी कंपनी हलकी सॅडल घेऊन बाजारात आली आणि मग त्याचा खरा प्रसार झाला.

या साधनातलं शहाणपण मात्र शिकाऱ्यांचं नाही. ते उसनं आहे, आणि त्याचं ऋण मानायला हवं. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचे लाकूडतोडे पायाला अणकुचीदार आकडे बांधून डग्लस फरच्या प्रचंड खोडांवर चढत. खोडाभोवतीचा दोर कमरेला असे. वर जावं तसं खोड बारीक होतं, म्हणून तो दर थोड्या उंचीवर आवळावा लागे. स्वतःच्याच कुऱ्हाडीच्या घावाने दोर तुटू नये म्हणून त्याच्या पोटात पोलादी तार घातलेली असे.

दोर आवळायचा, पण तो मागे सरकू द्यायचा नाही, याची सर्वांत साधी युक्ती आल्प्समधून आली. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेली गाठ म्हणजे जाड दोरावर बारीक दोरीच्या फासाचे दोन-तीन वेढे. मोकळी असताना ती बोटाने सरकते, वजन आलं की घट्ट चावते. सह्याद्रीतल्या सुळक्यांवर चढणाऱ्या मराठी गिर्यारोहकांनाही ‘प्रुसिक’ नवी नाही.

शिकारी चढताना खोडाभोवतीचा दोर एका बाजूला कमरेच्या कडीत पक्का अडकवतो. दुसऱ्या बाजूला प्रुसिक. फांदी आडवी आली की तिच्या वरून दुसरा दोर टाकायचा, तो कडीत अडकवून आवळायचा, आणि मगच पहिला सोडायचा. ठरलेल्या उंचीवर मुख्य दोर साधारण डोक्याच्या पातळीला बांधतात. प्रुसिक खोडाच्या दिशेने वर सरकवून ढील काढायची, कॅराबिनरचं (जोडणाऱ्या कडीचं) कुलूप फिरवून पाहायचं, हळूहळू बसून सगळं वजन टाकून बघायचं. ते पेललं की मगच खोडाभोवतीचा दोर सुटतो. एक तरी दोर वजन घ्यायला तयार असल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, हा दंडक जराही सैल करण्यासारखा नाही.

गाठीलाही तिच्या मर्यादा आहेत. गाठीची दोरी मुख्य दोराइतकीच जाड असेल तर ती नीट चावत नाही. दचकलेल्या माणसाने गाठच मुठीत धरली तर ती आवळली न जाता हाताबरोबर घसरत जाते. घसरताना घर्षणाने नायलॉन वितळून चकचकीत होतं. अशी दोरी फेकूनच द्यायला हवी. दोराच्या शेवटाला गाठ मारून ठेवली, तर सरकणारी प्रुसिक टोकावरून निसटत नाही. काहींना गाठीऐवजी दातेरी धातूची पकड सोयीची वाटते. ती एका हाताने झटकन सरकते खरी, पण जोराचा हिसका बसला तर तिचे दात दोराचं आवरण फाडू शकतात.

मिशिगनमध्ये धनुष्यबाणाचा हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो. दोर आणि गाठ हाताळण्याचा सराव त्याआधी, भर उजेडात, जमिनीपासून हातभर उंचीवर करायचा असतो, कारण शिकारी प्रत्यक्ष चढतो तेव्हा पहाटेचा अंधार असतो आणि गाठ डोळ्यांनी नव्हे, बोटांनी तपासावी लागते.