हाताची आठवण

१९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि पुढें चाकणपर्यंतच्या शेतजमिनींवर मोटारींचे कारखाने उभे राहिले. या भरभराटीचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. परंतु पत्रा दाबणाऱ्या प्रेसखालीं ज्यांचे हात गेले, त्यांची कथा सहसा कोणी सांगत नाहीं.

कायद्यानें या हानीचें माप शेंकड्यांत केलें. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टांत कालांतरानें अंगठ्याची हानि शेंकडा ३०, तर चार बोटांची शेंकडा ५० धरली गेली. शास्त्राची दृष्टि निराळी. वाचकांनीं उजव्या कोपराखालीं डावा पंजा ठेवून उजवी मूठ आवळून पाहावी. बोटें वळविणारे बहुतेक स्नायु तेथें आहेत असें कळून येईल. म्हणून पंजा गेला तरी ते स्नायु मागें राहतात, आणि मूठ वळण्याची इच्छा होतांच पूर्ववत् आवळतात. त्या वेळीं कातडीवर अत्यंत क्षीण विद्युत् उमटते.

स्नायु आवळतांना अशी विद्युत् निर्माण होते, हें बर्लिनच्या द्यु ब्वा-रेमाँ यांनीं १८४९ च्या सुमारास मनुष्याच्या हातावर दाखविलें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४४ सालीं, जखमी सैनिकांसाठीं पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र निघालें. त्याच सुमारास म्युनिक येथें राइनहोल्ड रायटर हे स्नायुविद्युतेनें चालणारा हात घडवीत होते; १९४८ सालीं त्यांनीं तो प्रसिद्ध केला. तो होता हात गमावलेल्या कारखान्यांतील कामगारासाठीं! व्हॅक्यूम ट्यूबच्या अवजड यंत्रणेमुळें तो कामाच्या टेबलापाशींच वापरतां येई. १९६० च्या सुमारास मॉस्कोंत ट्रॅन्झिस्टरनें तो अंगावर वागविण्याजोगा केला.

आज संगणक हे संकेत अनेक ठिकाणांहून टिपून मूठ, चिमूट, पसरलेला पंजा असे भेद ओळखतो. तथापि घाम आला, स्नायु थकले, किंवा इलेक्ट्रोड किंचित् सरकला, कीं त्याचा अंदाज चुकतो; आणि कामगाराच्या दिवसांत घाम व थकवा हे तर नित्याचेच.

आम्हांस वाटतें, कायदा काय गेलें तें मोजतो, शास्त्र काय उरलें तें शोधतें. दोन्हीं आवश्यक आहेत. परंतु प्रेसला संरक्षक जाळी बसविण्याची विद्या याहून पुष्कळ जुनी व स्वस्त आहे. ती सर्वत्र अंमलांत आणल्यावांचून कृत्रिम हाताचें कौतुक करण्याचा आपणांस फारसा अधिकार नाहीं.