जुन्या मोटारीचें मूळ स्वरूप

अलिबागच्या समुद्रकांठीं जी चुंबकीय वेधशाळा आहे, तिच्या जन्माचा वाहनांच्या इतिहासाशीं एक विनोदी संबंध आहे. मुंबईस कुलाब्याच्या जुन्या वेधशाळेंत पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापें घेतलीं जात असत. पुढें मुंबईच्या ट्रामला घोड्यांच्या ऐवजीं वीज जोडण्याचें ठरलें, आणि त्या प्रवाहामुळें वेधशाळेंतील नाजूक सुया भलतेंच कांहीं सांगूं लागतील हें ओळखून संचालक नानाभाई मूस ह्यांनीं अलिबागेस नवी वेधशाळा उभी केली. हें १९०४ सालचें. तिच्या बांधणींत पोरबंदरी दगड वापरला व लोखंडास मज्जाव केला. १९०७ सालीं मुंबईंत विजेची ट्राम धांवूं लागली, तोंपर्यंत सुया इकडे सुरक्षित येऊन पोंचल्या होत्या. म्हणजे वाहनांचा उपद्रव जेथें होणार नाहीं अशी जागा म्हणून शास्त्रज्ञांनीं आमचा गांव निवडला! शनिवारीं सकाळीं वडखळपासून पुढें मोटारींची जी रांग लागते, ती पाहिली म्हणजे ह्या निवडीचें हंसूं आल्यावांचून राहत नाहीं.

लोहचुंबकाचा आणखी एक उपयोग मला पुढें कळला. जुनी मोटार पारखणारे लोक फडक्यांत गुंडाळलेला एक लहानसा चुंबक तिच्या अंगावरून फिरवितात. जेथें तो चिकटतो तेथें पत्रा आहे. जेथें तो गळून पडतो तेथें पत्रा गंजून गेला असून भोंकांत लांबी भरून वर रंग दिलेला आहे असें समजावें. १९९७ सालच्या मे महिन्यांत माझ्या वडिलांची मोटार मीं वाडींतील पडवीबाहेर काढविली, तेव्हां मिस्त्रींनीं हा प्रयोग मजकडूनच करविला. डावीकडील दोन्ही दारांखालीं हात-दीड हात जागेंत चुंबक कोठेंच धरीना. दोन वर्षांपूर्वीं एका कारखान्यांत मोठी रक्कम मोजून आम्ही गाडीस जो रंग देवविला होता, तो बहुतेक हवेवरच दिलेला होता!

ही मोटार म्हणजे १९५६ सालची फियाट ११००. तिच्या गोल नाकाडामुळें आणि बसक्या पाठीमुळें लोकांनीं तिला ‘डुक्कर फियाट’ असें नांव ठेविलें, व तें नांव तिच्या सर्व बहिणींस चिकटलें. तिचीं पुढचीं दारें उलटीं, म्हणजे मागच्या बाजूस उघडतात. गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर आहे. इंजिन १०८९ घन सेंटिमीटरांचें आहे. वडील अलिबागेस वकिली करीत. त्यांनीं ती १९६६ सालीं मुंबईच्या एका गृहस्थांकडून जुनीच घेतली. मी महाविद्यालयांत शिकविणारा माणूस. दिवाळीची व मे महिन्याची सुट्टी एवढाच माझा कारखान्याचा काळ. त्यामुळें जें काम एखाद्या धनिकानें वर्षभरांत पुरें करून घेतलें असतें, त्यास मला बावीस वर्षें लागलीं. ह्या दिरंगाईची मला आतां खंत वाटत नाहीं. एकेक भाग खोलतांना तो तेथें कसा आला ह्याचा शोध करण्यास सवड सांपडली, आणि असा शोध हा माझा धंदाच आहे.

काम संपत आलें आणि जुलै १९२१—क्षमा करा, २०२१. शतकांची चूक ह्या विषयांत सहज होते—त्या महिन्यांत केंद्र सरकारनें जुन्या मोटारींसाठीं नवे नियम प्रसिद्ध केले. पन्नास वर्षांवरील खाजगी वाहनास ‘व्हीए’ ह्या अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक मिळावा, नोंदणीची फी वीस हजार रुपये असावी, ती दहा वर्षें चालावी, आणि अशी गाडी प्रदर्शन, शर्यत, संशोधन वगैरे कारणांसाठींच रस्त्यावर आणावी, असा त्यांचा सारांश. ह्या सर्वांस माझी हरकत नाहीं. प्रश्न आहे तो एका अटीचा. वाहन मूळ स्वरूपांत राखलेलें असावें. त्याच्या सांगाड्यांत, कायेंत किंवा इंजिनांत फेरबदल झालेला नसावा. ही अट वाचून मी गाडीपाशीं गेलों आणि तिचें मूळ स्वरूप कोणतें ह्याचा विचार करूं लागलों. प्रस्तुत लेख त्या विचाराचें फळ आहे.

मोटार मुंबईंत आली ती १८९८ च्या सुमारास. ती परदेशांतून आली हें खरें. पण ती सगळीच परदेशांतून आली असें मात्र नाहीं. पूर्वीच्या सर्व्हिस मोटारींचा, म्हणजे उतारूंच्या गाड्यांचा, नुसता सांगाडा व इंजिन बोटींतून उतरे. वरचा डोलारा येथील सुतार सागवानांत बांधीत व येथील लोहार त्यास पत्रा ठोकीत. १९२८ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें शिवडीस जुळणीचा कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोल मापून मिळूं लागलें, तेव्हां मोटारींच्या पाठीस कोळशाची उभी भट्टी जोडून तिच्या वायूवर त्या चालविण्यांत आल्या. कोळशाच्या मोटारीनें प्रवास केलेल्या माणसांच्या आठवणी माझ्या लहानपणीं घरोघर ऐकूं येत. चढ आला कीं उतारू खालीं उतरून ढकलीत, असा त्यांचा समारोप ठरलेला असे. त्या मोटारींचें मूळ स्वरूप विचारणारा कोणी भेटता तर त्या उतारूंनीं त्यास काय उत्तर दिलें असतें, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

वालचंद हिराचंद ह्यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ सालीं स्थापन झाली, व १९४७ सालीं तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून डॉज, डिसोटो, प्लिमथ ह्या अमेरिकन मोटारी जुळून बाहेर पडूं लागल्या, फियाट त्यानंतरची. १९४९ सालीं बांधून तयार आलेल्या मोटारींची आयात सरकारनें बंद केली. १९५३ सालीं जकात मंडळानें असा अभिप्राय दिला कीं, जे कारखाने केवळ जुळणी करतात व येथें भाग तयार करण्याची योजना ज्यांपाशीं नाहीं, त्यांनीं आपला व्यवहार आटोपावा. १९५४ सालीं जनरल मोटर्सनें शिवडीचा कारखाना बंद केला. ह्या घटनेचें वर्णन अर्थशास्त्राच्या पुस्तकांत स्वदेशी उद्योगाच्या संरक्षणाचें एक पाऊल म्हणून येतें, व तें योग्यच आहे. पण ज्याच्या दारांत त्या दिवशीं एक शेव्हरोले उभी होती, त्याच्या बाजूनेंहि तिच्याकडे पाहिलें पाहिजे. त्याची मोटार एका दिवसांत पोरकी झाली. कोणताहि भाग मोडला तर तो कोठून आणावयाचा? मग लेथवर तो कांतून घ्यावयाचा, इंजिनाचा बोअर वाढवून त्यांत दुसऱ्याच जातीच्या गाडीचे पिस्टन बसवावयाचे, चोरबाजारांत रविवार घालवावयाचे. पुढें पेट्रोल महाग झालें तेव्हां मॅटॅडोरचीं डिझेल इंजिनें अँबॅसेडरच्या पोटांत गेलीं. नवी गाडी मागावी तर क्रमांक येण्यास वर्षांमागून वर्षें लागत. ही स्थिति १९८३ च्या डिसेंबरांत मारुती बाहेर पडेपर्यंत टिकली. जुनी मोटार जगविणें ही त्या काळीं हौस नव्हती, निरुपाय होता.

ह्याच निरुपायांतून इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी ह्यांच्यासारखा माणूस निपजला. त्यांनीं ‘मीरा’ नांवाच्या छोट्या मोटारीचा पहिला नमुना १९४९ सालीं तयार केला, आणि पुढें वीस-पंचवीस वर्षें एकामागून एक सुधारलेले नमुने ते घडवीत राहिले. ती मोटार बाजारांत आली नाहीं, हा निराळ्या लेखाचा विषय आहे. पण हाताशीं असेल त्यांतून वाहन उभें करावयाचें ही बुद्धि महाराष्ट्रांत किती खोल गेली होती, हें त्यावरून दिसतें.

फियाटचें नशीब शेव्हरोलेहून बरें. १९६४ सालीं कुर्ल्यास तिची नवी आवृत्ति निघाली. १९७४ सालीं तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ हें नांव मिळालें. पण इंजिन त्याच मापाचें राहिलें. त्यामुळें मुंबईंत काळी-पिवळी टॅक्सी मोडीत निघाली कीं तिचे अवयव आमच्या डुक्कर फियाटच्या उपयोगीं पडत. १९७९ सालीं वडिलांनीं मूळचें झिजलेलें इंजिन काढून अशाच एका नव्या गाडीचें बसविलें, व त्याची रीतसर नोंद करून घेतली. नोंदणीच्या पुस्तकांत जुना क्रमांक तांबड्या शाईनें खोडून वर नवा लिहिला आहे, खालीं शिक्का आहे. म्हणजे एका काळच्या सरकारनें जो फेरबदल तपासून मान्य केला, तोच दुसऱ्या काळच्या सरकारास दोष वाटतो. पद्मिनीची शेवटची टॅक्सी २००३ सालीं नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून गेली. कुर्ल्याच्या भंगारवाल्यांपाशीं मीं ज्या वस्तु पूर्वीं किलोवर घेतल्या, त्यांस आतां नगावर किंमत पडते.

इंजिनाहून कठीण प्रश्न आहे तो तळाचा. ह्या गाडीस वेगळा सांगाडा नाहीं. पत्र्याची कायाच सांगाड्याचें काम करते. आणि आमच्या किनाऱ्यावर पत्र्याची काय दशा होते हें मीं सांगावयास नकोच. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, उरलेले आठ महिने खारा वारा. पुढच्या आसनांखालचा तळ १९७३ च्या पावसाळ्यांत सुटला. वडिलांनीं पत्र्याचा कारागीर न बोलावतां रेवदंड्याच्या खाडीवर मचवे दुरुस्त करणारा एक सुतार बोलाविला. त्यानें शाबूत राहिलेल्या पोलादी पट्ट्यांवर सागवानी फळ्या मचव्याच्या रीतीनें बसविल्या, फटींत कापूस ठांसला, वर राळ व तेल दिलें, आणि “वकीलसाहेब, आतां गाडी बुडायची न्हाय,” असें सांगून तो गेला. ती पन्नास वर्षें बुडाली नाहीं. चुंबक तेथें अर्थातच चिकटत नाहीं. पण पायानें ठोकून पाहावें, आवाज भरीव येतो.

त्या सुताराच्या मनांत मूळ स्वरूपाचा प्रश्न उद्भवलाच नसेल. मचवा पावसाळ्यांत ओढून किनाऱ्यावर घ्यावयाचा, कुजलेली फळी काढून नवी घालावयाची, आणि नारळी पौर्णिमेस तोच मचवा, त्याच नांवानें, पुन्हा पाण्यांत लोटावयाचा; शिडाच्या मचव्यांत इंजिन आलें तेव्हांहि नांव बदललें नाहीं. घराची शाकारणी हा तोच प्रकार. दरवर्षीं थोडें बदलल्यानेंच वस्तु टिकते, हें येथील पाऊस सर्वांस शिकवितो. उलट, जेथें वस्तु मूळ रूपांत टिकली आहे, तेथें बहुधा मोठी पागा, नोकरचाकर आणि कोरडी हवा असते. कोल्हापूरच्या महाराजांची मेबॅक मोटार दसऱ्यास बाहेर पडते तेव्हां तिच्या दर्शनाचा आनंद मलाहि होतो. परंतु राजवाड्यांतील मोटारींवरून सर्वांच्या मोटारींचा नियम बांधणें म्हणजे बखरींवरून शेतकऱ्याचा इतिहास लिहिण्यासारखें आहे.

येथें एक आक्षेप येईल, व तो खोटा नाहीं. सर्वच फेरबदल पूज्य मानावयाचे काय? परवां नागांवाजवळ एक फियाट पाहिली. रुंद टायर, लखलखणारीं चाकें, छतास काळें कातडें, आणि कर्णा असा कीं माडावरचे कावळे उडावे. हा फेरबदल कोणत्याहि अडचणींतून जन्मलेला नाहीं. धन्याच्या उत्साहांतून मात्र आहे. तो उद्यांच्या इतिहासकारास कदाचित् उपयोगी पडेल. मला तो सोसत नाहीं इतकेंच. शिवाय, चार गाड्या तरी अगदीं कारखान्यांतून निघाल्या तशा असाव्या, नाहीं तर बदल काय झाला हें मोजणार कशावरून?

ह्या वादाचा निकाल मला आपल्याच घरीं सांपडतो असें वाटतें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम हातीं घेतलें व तें १९६६ सालीं पुरें झालें. डॉ. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं शेंकडों पोथ्या ताडून पाहून जुन्यांत जुना असा पाठ सिद्ध केला. पण मागाहून आलेला मजकूर त्यांनीं फेंकून दिला नाहीं. तो तळटीपांत व परिशिष्टांत, कोणत्या पोथींतून आला तें सांगून छापला. ज्यास मूळ पाहिजे त्यानें वरचें वाचावें. ज्यास ग्रंथाचें आयुष्य पाहिजे त्यानें खालचें. युरोपांतहि विचार ह्याच दिशेनें गेला आहे. जुन्या वास्तूंविषयींच्या १९६४ च्या व्हेनिस येथील सनदेंत, वास्तूवर निरनिराळ्या काळांनीं घातलेल्या योग्य भरीचा मान राखावा, केवळ एकसारखेपणा हें जीर्णोद्धाराचें ध्येय नव्हे, असें स्पष्ट म्हटलें आहे. आणि मोटारींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें २०१२ च्या सुमारास टुरिन येथील आपल्या सनदेंत त्याच तत्त्वांचा आधार घेतला आहे. आपल्या नियमांतहि अशी तळटीपेची सोय करतां आली असती. जुना फेरबदल केव्हां व कशासाठीं झाला ह्याची नोंद असल्यास तो चालेल, एवढें एक वाक्य पुरें होतें.

एका जाणत्या मित्रांनीं मला सल्ला दिला कीं, १९५६ च्या क्रमांकाचें कोठूनतरी इंजिन मिळवावें, तळ पत्र्याचा करून घ्यावा, आणि अर्ज करावा. मीं पत्रा आणविलासुद्धां. तो दोन पावसाळे पडवींत उभा होता. फळ्या काढण्यास मिस्त्री आले त्या दिवशीं मीं त्यांना चहा पाजून परत पाठविलें. वीस हजारांची फी वांचली असें घरीं सांगितलें.

म्हणून माझी गाडी अजून साध्या मोटारींच्याच पंक्तींत आहे. दर पांच वर्षांनीं पर्यावरणाचा कर भरून तिची नोंदणी नवी करावी लागते. मागच्या खेपेस तपासणीस आलेल्या तरुण अधिकाऱ्यानें आंत वांकून पाहिलें, तळ बोटांनीं वाजविला, आणि हें काय म्हणून विचारलें. मीं सागवान म्हणून सांगितलें. त्यानें पुस्तकांतील तांबड्या शाईचा क्रमांक इंजिनावरील क्रमांकाशीं ताडून पाहिला, खूण केली, आणि आपल्या आजोबांचाहि एक मचवा होता असें सांगितलें.

येत्या मे महिन्यांत दोन फळ्या बदलावयाच्या आहेत. जुन्या सुताराचा मुलगा येतों म्हणाला आहे. पण तो आतां फायबरच्या होड्या करतो, त्यामुळें सागवान मलाच पाहून ठेवावें लागेल.