सोनेरी ताऱ्यालाही रंग असतो

लष्करात जात नसते, हुतात्म्याला जात नसते, हे वाक्य आम्ही शाळेपासून ऐकत आलो. खरे की खोटे, हे मेलेल्याच्या आईला विचारावे. आम्ही अमेरिकेतल्या आयांपासून सुरुवात करतो.

1917 मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. ओहायोच्या कॅप्टन रॉबर्ट क्वीसर यांचे दोन मुलगे सैन्यात होते. त्यांनी घराच्या खिडकीत लावायचा एक झेंडा बनवला: तांबडी कड, आत पांढरे कापड, त्यावर सैन्यातल्या प्रत्येक माणसामागे एक निळा तारा. मुलगा मेला की निळा तारा सोनेरी व्हायचा. पुढे सरकारनेही त्याला कायद्याने मान्यता दिली.

हा तारा काळ्या आयांच्याही खिडकीत लागला. त्यांची मुले वेगळ्या काळ्या पलटणींत भरती झाली होती. हार्लेमची 369 वी पलटण तर फ्रेंच सेनेच्या हाताखाली लढली, आणि शौर्यपदक दिले ते फ्रान्सने.

1929 मध्ये काँग्रेसने कायदा केला: युरोपात पुरलेल्या सैनिकांच्या आया आणि विधवांना सरकारी खर्चाने कबरींपर्यंत न्यायचे. 1930 ते 1933 दरम्यान सहा हजारांवर स्त्रिया गेल्या. गोऱ्या आया आलिशान प्रवासी जहाजांतून गेल्या. काळ्या आयांना वेगळ्या गटात, मालवाहू कंपनीच्या साध्या जहाजातून पाठवले. कारण काय दिले? म्हणे, दुःखात माणसाला आपल्याच लोकांत बरे वाटते! वेगळा पाणवठाही आम्हाला असाच 'तुमच्याच सोयीसाठी' दिला जात होता ना?

फ्रान्सच्या दफनभूमीत काळ्या-गोऱ्यांच्या कबरी शेजारी शेजारी होत्या. भेदभाव जिवंतांसाठी राखलेला होता. एनएएसीपी या संघटनेने निषेध केला, आणि अनेक आयांनी जायलाच नकार दिला. मुलाची कबर एकदा डोळ्यांनी पाहायची संधी नाकारणे म्हणजे काय, याचा विचार करा. आमच्या मते त्या झेंड्याचा खरा मान त्यांनीच राखला.

बाबासाहेब 1913 ते 1916 न्यूयॉर्कमध्ये शिकत होते, तेही हार्लेमला लागूनच असलेल्या कोलंबिया विद्यापीठात. 1946 मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून अमेरिकी निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली.

आणि आमच्याकडे? त्याच 1917 मध्ये, इंग्रजांना माणसे कमी पडली तेव्हा, 111 वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, 1921 मध्ये ती मोडून टाकली. महारांसाठी दार पुन्हा उघडायला दुसरे महायुद्ध यावे लागले, आणि 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली.