कुत्र्याचं मरण आणि भाताची पेज

नवापूरच्या रेल्वे स्थानकावर एक बाक आहे, अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. नंदुरबार जिल्ह्याच्या या टोकाला राज्याची हद्द फलाटावरूनच जाते. ही हद्द आखली जाण्याच्या पुष्कळ आधी, १८८६ साली, यूल आणि बर्नेल या कोशकारांनी 'हॉब्सन-जॉब्सन'मध्ये दोन भाषा अशाच शेजारी बसवल्या होत्या. पटकीच्या एका जुन्या नावाचं मूळ म्हणून त्यांनी कोकणी-मराठीतली 'मोडशी' दिली आणि जोडीला गुजराती 'मोरची'.

ते जुनं नाव मात्र भलतंच आहे: 'मोर्त द शियाँ'. फ्रेंचमध्ये याचा अर्थ कुत्र्याचं मरण. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हिंदुस्थानातले युरोपीय पटकीला असं म्हणत. रुग्णाची अवस्था पाहता हा अर्थ कोणालाही पटावा, आणि गोम तिथेच आहे. फ्रेंचांनी पोर्तुगीज 'मोर्देशीम' ऐकलं, त्यातून आपल्याला कळेल असं काहीतरी जुळवलं आणि कुत्रा आणून बसवला. पोर्तुगीजांनी तो शब्द गोव्यात उचलला होता.

पण 'मोडशी'त नसलेला 'र' पोर्तुगीजांना कुठे सापडला? गुजराती 'मोरची'तून आला, असं म्हणता येईल. ते पटत नाही. पोर्तुगीजांचं बस्तान गोव्यात होतं, आणि परक्या कानाला आपला 'ड' तसाही 'र'सारखाच लागतो. साडीची 'सारी' झाली, कवडीची 'काउरी'. मोडशीचंही तेच झालं असणार. गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात लोकांच्या तोंडचं नाव 'मोर्शी'च्या जवळपास लिहिलं आहे. तोही 'र'च ऐकत होता.

खरी गंमत मोडशी ज्यातून आली त्या 'मोडणे' या धातूत आहे. ढाळ, जुलाब, हगवण हे शब्द शरीरातून काय जातं ते सांगतात. मोडशी सांगते मागे काय उरतं ते: डोळे खोल गेलेला, चिमटीत धरलेली कातडी लवकर खाली न बसणारा, मोडून पडलेला माणूस. वैद्यक ज्याला निर्जलीकरण म्हणतं, ते या नावात आधीपासूनच होतं.

ओर्ताने इथल्या लोकांचा उपायही नोंदवला आहे: मिरी-जिरं घातलेलं भाताचं पाणी, म्हणजे कांजी. मीठ वेगळं सांगितलेलं नसलं तरी ते असणारच. अळणी पेज कोण पितं? त्याच नोंदीत पायांना डाग देण्याचा उपायही आहे, तेव्हा जुनं ते सगळं सोनं मानायला नको. पेज कामाची का, याचा उलगडा विसाव्या शतकात झाला. आतड्यात ग्लुकोज सोडियमला सोबत घेऊन आत शिरतं आणि त्यांच्यामागून पाणी. भाताचा स्टार्च पचताना हेच ग्लुकोज सुटतं.

पुढची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ असताना सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून तोंडाने द्यायला लावलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांवरून ३.६ वर आलं.

त्या पाण्याचं बारसं मात्र प्रत्येक भाषेने आपापल्या परीने केलं. बांगलादेशात ते 'खाबार सॅलाईन', म्हणजे खायचं सलाईन. मराठीने थेट शुक्राचार्यांची विद्या आठवली आणि नाव ठेवलं 'जलसंजीवनी'. पुराणातली संजीवनी मेलेल्याला उठवते. जलसंजीवनीची पुडी मात्र माणूस पुरता मोडायच्या आत द्यावी लागते. एक पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. पुडी नसेल तर तेवढ्याच पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा घोट-घोट. नंदुरबार जिल्ह्यातच, नर्मदेच्या फुगवट्यालगतच्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या गावांकडे तरंगता दवाखाना बोटीने जातो. तिथे घरातलं मीठ-साखर आधी हाताशी येतं.

'मोर्त द शियाँ' आता कोशातच सापडतं. मोडशी अजून बोलण्यात आहे, फक्त तिची धार गेली. पटकीऐवजी आता अपचनाने बिघडलेल्या पोटाला लोक मोडशी म्हणतात.