संघ कोणाचा, खेळाडू कोणाचा?

कोणत्याही खेळाचा इतिहास दोन तऱ्हांनी सांगता येतो. कोणी कोणता चषक केव्हा जिंकला याची जंत्री देणे ही एक तऱ्हा. आणि जिंकणारा खेळाडू कोणत्या मैदानावर, कोणाच्या हाताखाली व कोणाच्या खर्चाने तयार झाला याची हकीकत सांगणे ही दुसरी. पहिली रोज वर्तमानपत्रांत छापून येते. दुसरी क्वचितच ऐकावयास मिळते, म्हणून आज तीच सांगण्याचे योजिले आहे.

विषय व्यावसायिक फुटबॉल संघांचा आहे, आणि त्याचा आरंभ अमेरिकेपासून करावयाचा आहे. वाशीमच्या श्रोत्यांस याचे नवल वाटेल. कुस्ती आणि कबड्डी आपल्या जुन्या ओळखीची, क्रिकेट तर घरोघरी पोहोचलेले. वऱ्हाडात व्यावसायिक फुटबॉल संघ नाही. मग या परक्या गोष्टीशी आपले कर्तव्य काय? कर्तव्य एवढेच, की पैसा खेळात शिरला म्हणजे संघ, गाव आणि खेळाडू यांचे नाते कसे बदलते, हे अमेरिकेत प्रथम उघड झाले, आणि तेच पुढे आपल्या पुण्यात घडले. उद्या आपल्या जिल्ह्यातले एखादे पोर चांगले निघाले, तर त्यालाही याच वाटेने जावे लागणार आहे.

अमेरिकेत १९६८ साली ‘नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग’ सुरू झाली. त्या देशात फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन धावण्याचा निराळाच खेळ. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला ते सॉकर म्हणतात. लोकांना या खेळाची गोडी नव्हती, म्हणून मालकांनी सोपा उपाय योजिला: जगातले नामांकित खेळाडू विकत आणावयाचे. १९७५ साली न्यूयॉर्कच्या ‘कॉसमॉस’ संघाने ब्राझीलच्या पेलेला आणले. १९७७ साली जर्मनीचा बेकेनबाउर आला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कॉसमॉसच्या एका सामन्याला ७७,६९१ प्रेक्षक लोटले. सप्टेंबरात हाच संघ पेलेसह कलकत्त्यास आला आणि मोहन बागानने त्याला २-२ असे बरोबरीत रोखले. ती आठवण बंगालमध्ये अजूनही निघते.

परंतु हा सारा डोलारा पायाशिवाय उभा होता. संघांची संख्या १९७८ साली २४ झाली. प्रत्येकजण कॉसमॉसची नक्कल करू लागला, खर्च उत्पन्नाच्या पुढे धावू लागला, आणि १९८४ च्या हंगामानंतर लीग बंद पडली. पेलेमुळे काहीच साधले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. त्याला पाहून त्या देशातली लाखो मुले चेंडू लाथाडू लागली. पण त्या मुलांना हाती धरून पुढे नेणारी व्यवस्था कोणी उभारली नव्हती. १९५० नंतर प्रथमच, १९९० साली, अमेरिका विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत पोहोचली, तेव्हा त्या चमूत बहुतेक विद्यापीठांतून नुकतेच बाहेर पडलेले तरुण होते.

पुढे १९९६ साली ‘मेजर लीग सॉकर’ ही नवी लीग दहा संघांनिशी सुरू झाली. मागची ठेच लागलेली असल्याने या वेळी मालक सावध होते. खेळाडूंचे करार संघाने नव्हे तर लीगने करावयाचे, पगारावर मर्यादा ठेवावयाची, आणि लीगमध्ये शिरावयाचे तर गुणांनी नव्हे, भांडवलाने. इंग्लंडात वा जर्मनीत खालच्या श्रेणीतला संघ जिंकत जिंकत वर चढतो आणि हरणारा खाली घसरतो. अमेरिकेत तसे नाही. दार बंद आहे. या सावधपणामुळे लीग जगली, हे कबूल केलेच पाहिजे. परंतु तिच्या निष्ठावंत प्रेक्षकांची तक्रार याच ठिकाणी सुरू होते. ते म्हणतात, खाली घसरण्याचे भय नाही आणि वर चढण्याची आशा नाही, तर मुले घडविण्याची निकड कोणाला वाटावी?

या तक्रारीत तथ्य किती, ते पाहू. तेथे मुलाने चांगल्या क्लबात शिकावयाचे तर आईबापांनी भरभक्कम फी भरावयाची, अशी रीत पडली. क्लिंट डेम्प्सी हा पुढे अमेरिकेचा अग्रगण्य गोलंदार झाला. तो टेक्सासमधल्या नॅकोडोचेस नावाच्या लहानशा गावचा. सरावासाठी त्याला डॅलसला न्यावे लागे. तीन तास जाणे आणि तीन तास येणे. घरच्यांनी ही ओढाताण सोसली म्हणून तो पुढे आला. ज्यांना ती सोसली नाही त्यांची नावे कोणत्याच इतिहासात नाहीत.

दुसरी गोष्ट मोबदल्याची. फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा नियम असा आहे, की खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात रक्कम देऊन घेतला गेला, तर त्या रकमेचे शेकडा पाच त्याच्या वयाच्या १२ ते २३ वर्षांत ज्या क्लबांनी त्याला शिकविले त्यांच्यात वाटावयाचे. किती शहाणपणाचा नियम! गावातल्या लहान क्लबाच्या श्रमाला यामुळे किंमत येते. पण अमेरिकन फेडरेशनने कायद्याची अडचण पुढे करून तो कित्येक वर्षे अमलात आणला नाही. डीआंड्रे येडलिन २०१४ साली इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबाशी करारबद्ध झाला, तेव्हा ज्या छोट्या क्लबात तो वाढला त्याने आपला वाटा मागितला, आणि वर्षानुवर्षे तंटा चालला. २०१९ साली लीगने धोरण बदलले. आपल्या अकादम्यांत वाढलेल्या खेळाडूंबद्दल परदेशी क्लबांकडून भरपाई मागण्याचे जाहीर केले. २००७ साली फेडरेशनने देशभर सुरू केलेली किशोरांची अकादमी-योजना मात्र २०२० च्या एप्रिलात बंद झाली आणि तिची जागा लीगच्या स्वतःच्या योजनेने घेतली.

मध्यंतरी १० ऑक्टोबर २०१७ रोजी एक मोठा धक्का बसला. त्रिनिदाद व टोबॅगो या चिमुकल्या देशाने अमेरिकेला २-१ असे हरविले आणि अमेरिका २०१८ च्या विश्वचषकास मुकली. त्याच महिन्यात कोलंबस शहराचा ‘क्रू’ हा संघ मालक टेक्सासमधल्या ऑस्टिनला हलविण्याच्या विचारात आहे अशी बातमी फुटली. हा लीगच्या मूळच्या दहा संघांपैकी एक. पण कोलंबसचे प्रेक्षक रडत बसले नाहीत. त्यांनी चळवळ उभारली, स्थानिक खरेदीदारांसाठी खटपट केली. ओहायो राज्यात १९९६ चा एक कायदा होता: सार्वजनिक पैशाचे साहाय्य घेतलेल्या संघाला गाव सोडावयाचे तर सहा महिने आधी सूचना द्यावी आणि स्थानिक लोकांना संघ विकत घेण्याची संधी द्यावी. राज्याने आणि शहराने त्या आधारावर २०१८ साली मालकावर दावा लावला. वर्षअखेर नवे मालक मिळाले, संघ गावातच राहिला, आणि २०२० साली त्याने लीगचे अजिंक्यपद मिळविले.

आता आपल्याकडे वळू. मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ पासून भरत असे. प्रथम गोऱ्या पलटणींचे राज्य होते. पुढे १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद पोलिसांनी चषक नेला. मुंबईचे संघ बहुधा कचेऱ्यांचे आणि कारखान्यांचे: कॅल्टेक्स, टाटा, मफतलाल, रेल्वे, महिंद्र. खेळाडूला कंपनीत नोकरी मिळे. खेळ संपला तरी चूल पेटत राही. महिंद्रांचा संघ १९६२ चा. २००५-०६ साली त्याने राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० साली कंपनीने तो बंद केला. आपण यापुढे शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष देऊ, असे कंपनीने सांगितले. हेतू चांगला होता. पण शिखरच काढून घेतल्यावर चढणाऱ्याने कोठे पाहावे?

यापुढची कथा पुण्याची. २००७ साली अशोक पिरामल समूहाने पुणे एफ.सी. स्थापिला. हा संघ गुणांनी वर चढला, २०१२-१३ साली आय-लीगमध्ये दुसरा आला, आणि मुख्य म्हणजे त्याने मुलांची अकादमी काढली. केरळातल्या मलप्पुरमचा आशिक कुरुनियन या अकादमीत वाढला आणि पुढे भारताकडून खेळला. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली. तिची रचना अमेरिकन वळणाची, भांडवलाने प्रवेश देणारी. तिच्यात पुण्याचे नाव घेऊन दुसराच संघ उतरला, एफ.सी. पुणे सिटी. वर्षभरात पुणे एफ.सी.ने खेळ आवरता घेतला. २०१६ साली त्याची अकादमी नव्या संघाकडे गेली. कल्याणी समूहाचा भारत एफ.सी. एकच हंगाम, २०१४-१५ चा, खेळून निघून गेला. डी.एस.के. शिवाजीयन्सने इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबाच्या सहकार्याने अकादमी काढली, पण २०१७ साली तो संघही मैदानातून गेला. अखेर २०१९ साली पुणे सिटी मिटला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादने घेतली. हैदराबादने २०२२ साली अजिंक्यपद जिंकले; तरीसुद्धा २०२५ साली तो संघ दिल्लीस हलला! बारा वर्षांत एका शहरात चार संघ आले आणि चारही गेले. प्रेक्षकांनी प्रेम करावयाचे कोणावर?

कोलंबस आणि पुणे यांत अंतर कोठे पडले? बालेवाडीचे क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी जनतेच्या पैशाने उभे राहिले. पण त्या मैदानावर खेळणाऱ्या संघाला गावाशी बांधून ठेवणारा ओहायोसारखा कायदा आपल्याकडे नाही. आणि मालक बदलले की अकादमीतली मुले एखाद्या सामानाप्रमाणे इकडून तिकडे जातात, किंवा घरी परततात.

याच महाराष्ट्रात अगदी उलट चित्रही आहे. कोल्हापुरास जा. तेथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालीम मंडळे आहेत. नाव तालमीचे, परंपरा कुस्तीची, आणि खेळ फुटबॉलचा. शाहू स्टेडियमवर पेठ विरुद्ध पेठ सामना असला की निम्मे गाव तिकडे असते. या संघांना कोणी मालक नाही, म्हणून कोणी ते हलवू शकत नाही. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक भरला तेव्हा भारतीय चमूत अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा मुलगा होता. तथापि या चित्रालाही काळी बाजू आहे. ईर्ष्येपोटी हुल्लड होते, बाहेरचे खेळाडू आणून चषक मारण्याचा मोह पडतो, आणि गुणी मुलाला पोट भरण्याइतका पैसा गावात मिळत नाही. त्याला अखेर बाहेर जावेच लागते. नुसते प्रेम पुरत नाही, नुसता पैसाही पुरत नाही.

दोहोंची सांगड घालण्याची उदाहरणे आपल्या विदर्भातच आहेत. अमरावतीचे श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली काढले. १९३६ साली त्याच्या चमूने बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. शंभरावर वर्षे झाली, मंडळ तेथेच आहे. नागपुरात प्राध्यापक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला, तो फी न मागता. आणि विदर्भाच्या क्रिकेट संघाने २०१७-१८ साली प्रथमच रणजी करंडक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि फलंदाज वसिम जाफर हे मुंबईहून आणलेले होते. परंतु संघाचा कणा विदर्भात वाढलेल्या मुलांचा होता. पाहुणा शिकविण्यासाठी आणला होता, घर चालविण्यासाठी नव्हे. २०१८-१९ आणि २०२४-२५ साली करंडक पुन्हा आला, याचे रहस्य यातच आहे.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. जिल्हा म्हणून तो अजून तरुण आहे. रिसोड, मानोरा, मंगरूळपीर, कारंजा, मालेगाव येथल्या शाळांच्या मैदानांवर धावणाऱ्या मुलांसाठी उद्या कोणी मोठ्या नावाची अकादमी घेऊन येईल, तेव्हा तिच्या फलकाकडे पाहून हुरळून जाऊ नये. तिला तीन प्रश्न विचारावेत. फी न देऊ शकणाऱ्या मुलाला येथे जागा आहे काय? मुलगा मोठा झाल्यावर त्याच्या पहिल्या गुरूला आणि पहिल्या मैदानाला त्यातले काय मिळणार? आणि मालकाचा विचार बदलला, तर उरलेल्या मुलांचे शिक्षण कोण पुरे करणार? अमेरिकेतल्या प्रेक्षकांना हे प्रश्न सुचावयास एक लीग बुडावी लागली. पुणेकरांना चार संघ गमवावे लागले. आपल्याला ते आधीच ठाऊक आहेत. करारावर सही करण्यापूर्वी ते विचारण्याचे काम मात्र आईबापांचे, शिक्षकांचे आणि गावाचे आहे. ते दुसरा कोणी आपल्यासाठी करणार नाही.