थेंबांवरचा पहारा

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने तिथे माणसे दगावत. विषामुळे रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी साचते. पुढे बावस्करांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड शिरेतून सतत ठिबकत दिले. ते रक्तवाहिन्या सैल करते; पण वेग थोडा वाढला तरी रक्तदाब कोसळतो. प्रकाशाने ते बिघडते, म्हणून बाटली झाकायची. बारीक थेंबांच्या नळीतून ६० थेंबांत १ मिलिलीटर जाते. म्हणजे मिनिटाला जितके थेंब, तितके तासाला मिलिलीटर! हिशेब आपल्याला सोपा वाटतो. पण रोग्याच्या उशाशी बसून सारखा रक्तदाब कोण मोजणार? खेड्यात खरी अडचण तीच होती. प्राझोसिनची गोळी तोंडाने देता येऊ लागली, तेव्हा ती बरीच सुटली.